हडचा पैसा आपल्या गावात येतो कसा आणि जातो कुठे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. न्यू जर्सीत बारा वर्षं राहताय, घराजवळच्या चौकात फुटपाथचे कोपरे फोडून उतार करायचं काम सुरू झालं आणि शेजारी पाटी लागली की हे काम केंद्र सरकारच्या हड नावाच्या खात्याच्या ग्रँटमधून, म्हणजे अनुदानातून, चाललंय. त्याच महिन्यात टाउनशिपने तुम्हाला या ग्रँटच्या सल्लागार कमिटीवर घेतलं. तर हा पैसा येतो कसा, ठरवतं कोण, आमच्या गल्लीत सगळे खाऊनपिऊन सुखी असताना गरिबांचा पैसा इथे का लागतोय, घरं एवढी महाग झालीत तर सरळ घरंच का बांधत नाहीत, हे आपल्याकडच्या आवास योजनेसारखंच आहे का, आणि सगळ्यात शेवटी हळूच विचारलंय की तुमचं एक जुनं दोन फॅमिलीचं घर भाड्याने दिलंय, त्याच्या छपराला यातून काही मिळेल का.

मी दुसऱ्या एका राज्यातल्या मध्यम आकाराच्या शहरात, जुनं कारखान्यांचं गाव आहे, तिथल्या कम्युनिटी डेव्हलपमेंट खात्यात १९ वर्षं हेच करतोय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी तुमचा फुटपाथ. तो पैसा बहुतेक सीडीबीजीचा, म्हणजे कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँटचा. तो हडकडून येतो, आपल्याकडचं गृहनिर्माण आणि नगरविकास एकत्र केल्यासारखं खातं, १९६५ साली सुरू झालं. या पैशातून केलेलं प्रत्येक काम तीनपैकी एका हेतूत बसावं लागतं: कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या लोकांचा फायदा, मोडकळीला आलेला भाग सुधारणं, नाहीतर अचानक ओढवलेली आणीबाणी. आणि एकूण खर्चाचा किमान ७० टक्के भाग पहिल्या हेतूवर पडला पाहिजे. आता उताराचं गुपित असं की काही लोकांना कायदा गृहीतच धरतो की ते बहुतांशी कमी उत्पन्नाचे आहेत, उत्पन्नाचा दाखला मागायची गरजच नाही. त्यात म्हातारी माणसं आहेत, गंभीर अपंगत्व असलेले प्रौढ आहेत, बेघर आहेत, घरात मारहाण सोसलेल्या बायका आहेत, शेतमजुरीसाठी फिरणारे आहेत. चाकाच्या खुर्चीला फुटपाथवर चढता यावं म्हणून केलेला उतार या गृहीतकात बसतो, मग गल्ली कितीही सधन असो. म्हणून ज्या उपनगरात गरीब वस्ती शोधून सापडत नाही तिथली टाउनशिप दरवर्षी डोळे झाकून उतार आणि सीनियर सेंटर करते. चूक काहीच नाही त्यात, पण सोपं आहे म्हणून करतात हे कमिटीत बसताना लक्षात असू द्या. तुमचे आईबाबा सहा महिने येऊन राहतात तेव्हा ज्या सीनियर सेंटरच्या व्हॅनने देवळात किंवा लायब्ररीत जातात त्या व्हॅनचा पैसाही बऱ्याच गावांत याच खिशातून आलेला असतो.

ही योजना आली १९७४ साली, राष्ट्राध्यक्ष गेराल्ड फोर्डनी २२ ऑगस्टला सही केली, निक्सन जाऊन पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. त्याच्या आधी नळ-गटारांना वेगळी योजना, बागांना वेगळी, जुन्या वस्त्या पाडून नवं बांधायला वेगळी, प्रत्येकाचा अर्ज वेगळा आणि प्रत्येकासाठी वॉशिंग्टनला खेटे. त्यातली वस्त्या पाडायची जी होती, अर्बन रिन्यूअल, १९४९ च्या कायद्याने सुरू झालेली, तिने तर शहरंच्या शहरं पोखरली, आणि त्यात कृष्णवर्णीयांचे मोहल्ले जास्त गेले. पाडलं पटकन पण बांधलं नाही, अजूनही आमच्या गावात एका मोठ्या पार्किंग लॉटकडे बोट दाखवून म्हातारे सांगतात की इथे आमचं चर्च होतं. निक्सननी १९७३ च्या जानेवारीत घरबांधणीच्या बऱ्याच योजना गोठवल्या, मग सगळ्यांची मोट बांधून एक ठोक रक्कम शहरांना द्यायची आणि तुमचं तुम्ही ठरवा म्हणायचं, असं ठरलं. ब्लॉक ग्रँट म्हणजे हीच ठोक रक्कम.

वाटणी फॉर्म्युल्याने होते, मेहेरबानीने नाही. ७० टक्के पैसा थेट शहरांना आणि मोठ्या काउंट्यांना, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या भागांना, ३० टक्के राज्यांना, ते तो लहान गावांना देतात. थेट पैसा मिळायला शहर ५०,००० च्या वर लागतं किंवा महानगर भागाचं मुख्य शहर असावं लागतं, काउंटीला साधारण दोन लाख. असे हक्कदार देशभरात बाराशेच्या वर आहेत. आपली मराठी मंडळी ज्या गावांत भरपूर आहेत ती एडिसन, वुडब्रिज, जर्सी सिटी, पार्सिपनी ही सगळी थेट पैसा मिळणाऱ्यांतलीच.

फॉर्म्युले दोन आहेत, आणि ज्यात जास्त येईल तो लागतो. पहिल्यात लोकसंख्येला २५ टक्के वजन, गरिबीला ५० आणि एका खोलीत दाटीवाटीने राहण्याला २५. दुसरा १९७७ मध्ये आला कारण पहिल्यात बफेलो, क्लीव्हलँड, सेंट लुईस असली रिकामी होत चाललेली जुनी शहरं मार खात होती. दुसऱ्यात १९४० च्या आधीच्या घरांना चक्क ५० टक्के वजन, गरिबीला ३० आणि लोकसंख्या वाढायची थांबली त्याला २०. कल्पना चांगली होती, जुनं घर म्हणजे पडकं घर म्हणजे गरज. पण पन्नास वर्षांत त्यातली बरीच जुनी घरं लोकांनी लाखो डॉलर घालून राजवाड्यासारखी केली, आणि आता फॉर्म्युला त्या सधन गावांनाही त्याच प्रेमाने पैसे पाठवतो. सगळ्यांना माहितीये, कोणी हात लावत नाही, कारण फॉर्म्युला उघडला की प्रत्येक खासदाराच्या गावाचं गणित बदलतं.

एकूण रक्कम गेल्या काही वर्षांत साधारण ३३० कोटी डॉलर, म्हणजे इथल्या भाषेत ३.३ बिलियन. ऐकायला प्रचंड वाटते, पण बाराशे जागी आणि पन्नास राज्यांत वाटली की तुमच्यासारख्या उपनगराच्या वाट्याला येणारा आकडा लाखांत असतो, कोटीत नाही. आणि महागाई धरली तर सत्तरच्या दशकाच्या शेवटी जे मिळायचं त्याच्या अर्ध्याहूनही कमी. तेव्हा कमिटीत कोणी उत्साहाने म्हणालं की या पैशातून गावाचा कायापालट करू, तर नम्रपणे हसा.

आता ठरवतं कोण? इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. हड ठरवत नाही, हड फक्त नियमात बसतंय का बघतं. ठरवतं तुमचं गाव. तीन ते पाच वर्षांचा एक मोठा प्लॅन असतो, त्याच्यातून दरवर्षीचा ॲक्शन प्लॅन निघतो, त्यावर लोकांना ३० दिवस मत द्यायची मुभा असते, वर्षात किमान दोन जाहीर हिअरिंग घ्यावी लागतात आणि वर्ष संपलं की ९० दिवसांत हिशेब द्यायचा, त्या हिशेबाला आम्ही सगळे केपर म्हणतो. हे सगळं कागदावर फार लोकशाहीचं दिसतं. प्रत्यक्षात मी घेतलेल्या हिअरिंगना सरासरी किती लोक आले सांगू का, मला धरून पाच. त्यातले तीन ग्रँट मागायला आलेल्या संस्थांचे, आणि एक आजोबा दरवर्षी यायचे ते त्यांच्या घरासमोरच्या खड्ड्याची तक्रार घेऊन. त्यांना मी दरवर्षी सांगायचो की काका, खड्डा बुजवणं म्हणजे देखभाल, देखभालीला हा पैसा चालत नाही, अख्खा रस्ता नवा करायचा असेल तर चालतो. चौथ्या वर्षी ते म्हणाले मग अख्खा करा. आणि खरंच, त्या भागातले ५१ टक्क्यांहून जास्त लोक कमी-मध्यम उत्पन्नाचे निघाले, म्हणजे काम नियमात बसत होतं, आम्ही तो रस्ता गटारासकट नवा केला. तीन वर्षं हा हिशेब कोणीच करून बघितला नव्हता, मीसुद्धा नाही.

तो ५१ टक्क्यांचा नियमही समजून घ्या, कारण तुमच्या कमिटीत याच्यावरच डोकं खर्च होणार. रस्ता, बाग, गटार यांचा फायदा सगळ्या वस्तीला होतो, म्हणून वस्तीतले किमान ५१ टक्के लोक त्या भागाच्या मीडियन उत्पन्नाच्या, म्हणजे अर्धी कुटुंबं ज्याच्या वर आणि अर्धी खाली असतात त्या आकड्याच्या, ८० टक्क्यांखाली असले पाहिजेत. सधन उपनगरांत अशी वस्तीच नसते, त्यांच्यासाठी सवलत आहे, गावातल्या सगळ्यात गरजू चतुर्थांश वस्त्या ५१ च्या खाली असल्या तरी धरतात. आणि ८० टक्के ऐकून लगेच झोपडपट्टी डोळ्यासमोर आणू नका, न्यू जर्सीत मीडियनच एवढं वर आहे की शाळेची बस चालवणारा, दवाखान्यातली मदतनीस, दुकानात काउंटरवर उभा असणारा आपलाच देशी माणूस, यांची कुटुंबं त्यात आरामात बसतात.

काय काय चालत नाही हेही सांगून टाकतो. टाउन हॉलच्या इमारतीला चालत नाही. आमच्या एका मेयरना टाउन हॉलचं गळकं छप्पर यातून करायचं होतं, तीन मीटिंगा गेल्या नाही म्हणायला. ऑफिसचा खर्च आणि प्लॅनिंग मिळून २० टक्क्यांच्या वर नाही. आणि सेवांना, म्हणजे अन्नाची पाकिटं, मुलांचे शाळेनंतरचे वर्ग, इंग्रजी शिकवणं, घरमालकाने हाकलून दिलं तर वकील, या सगळ्याला मिळून १५ टक्के. खरी भांडणं या १५ टक्क्यांवर होतात. कारण विटा-सिमेंटसाठी कोणी रडत येत नाही पण अन्न वाटणारी संस्था चालवणारी बाई समोर बसून सांगते की गेल्या वर्षीपेक्षा रांग लांब झालीये. मग कमिटी काय करते, सगळ्यांना थोडं थोडं देते. कोणालाच नाराज नको. बारा संस्थांना सात-सात, आठ-आठ हजार डॉलर. माझं स्पष्ट मत, हे सगळ्यात वाईट वाटप. आठ हजारांसाठी त्या संस्थेला करार, विमा, प्रत्येक माणसाच्या उत्पन्नाची नोंद, तिमाही रिपोर्ट, आणि वर पैसा आधी स्वतःचा घालायचा, पावत्या दिल्यावर मागून मिळणार. मी एका छोट्या संस्थेच्या खजिनदारांना कागद करता करता रडताना बघितलंय, नंतर त्यांनी अर्ज करणंच सोडलं. चार संस्था निवडा, नीट पैसे द्या, बाकीच्यांना तोंडावर नाही म्हणा.

आता मोठा प्रश्न, घरं का बांधत नाहीत. पहिलं उत्तर रुक्ष आहे: काही अपवाद सोडले तर सीडीबीजीतून नवीन घर बांधताच येत नाही. जमीन घ्या, जुनं पाडा, रस्ता-गटार टाका, जुनं घर दुरुस्त करा, सगळं चालतं. नवीन भिंत उभी करायला मात्र वेगळी योजना, ती १९९० च्या कायद्याने आली आणि तिचं नाव होम. ती फक्त घरांसाठी. त्यात गावाला साधारण २५ टक्के वाटा स्वतःचा किंवा दुसरीकडून आणून घालावा लागतो, १५ टक्के रक्कम वस्तीतून उभ्या राहिलेल्या ना-नफा संस्थांसाठी राखून ठेवावी लागते, आणि नवी भाड्याची घरं बांधली तर भाडं २० वर्षं मर्यादेत ठेवायचं बंधन मालमत्तेच्या कागदावरच चढतं, मालक बदलला तरी.

पण होमसुद्धा एकटं घर बांधत नाही. एक हिशेबच मांडतो, आकडे माझ्या मनातले पण प्रमाण रोजच्या कामातलं. समजा ४८ घरांची इमारत, खर्च १ कोटी ६० लाख डॉलर. भाडी कमी ठेवायची, म्हणजे महिन्याला हाती फार उरत नाही, बँक त्या उत्पन्नावर ३० लाखांच्या वर कर्ज देत नाही. मग टॅक्स क्रेडिट. ही ग्रँट नाहीच, १९८६ च्या करसुधारणेत आलेली सवलत आहे, राज्याची एजन्सी वाटते आणि मोठ्या बँका ती विकत घेऊन आपला कर वाचवतात. त्यातून समजा १ कोटी ५ लाख उभे राहिले. डेव्हलपर आपल्या फीतले ५ लाख नंतर घेईन म्हणतो. झाले १ कोटी ४० लाख. उरलं भगदाड २० लाखांचं. ते कसं भरतं तर शहराच्या होममधून ६, काउंटीच्या होममधून ४, राज्याकडून ७, फेडरल होम लोन बँकेच्या घरकुल निधीतून ३. यातला एक जरी मागे हटला तर सगळा डोलारा खाली, कारण टॅक्स क्रेडिट विकत घेणारा सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय चेक लिहीत नाही. म्हणजे १ कोटी ६० लाखांच्या कामात तुमच्या गावचा पैसा फक्त ६ लाख, पण त्या ६ लाखांवाचून इमारत होत नाही. घरांच्या बाबतीत केंद्राच्या ग्रँटचं काम हेच, भगदाडाची शेवटची फळी. आणि गावाने सगळ्यात आधी ६ लाखांचं पत्र दिलं की बाकीच्यांना धीर येतो. रिबन कापताना फोटोत मात्र सगळेच म्हणतात आम्ही बांधलं.

जिथे ग्रँट खरोखर एकटीने काम करते ती जागा म्हणजे जुन्या घरांची दुरुस्ती, आणि मला त्याच कामाचं प्रेम आहे. एक प्रसंग सांगतो. ८१ वर्षांच्या एक आजी, नवरा कारखान्यात होता, गेला, घर १९२६ सालचं, माळ्यावर तीन बादल्या. अर्ज घेऊन आल्या तेव्हा सगळे कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, पेन्शनची पावती, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, प्रॉपर्टी टॅक्सची बिलं, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं, आमच्या फायलींपेक्षा नीट. उत्पन्न बसलं. मग घर १९७८ च्या आधीचं म्हणून शिशाच्या रंगाची तपासणी, कारण त्याच्या आधी रंगात शिसं असायचं. नियम असा की केंद्राच्या पैशातून होणारी दुरुस्ती २५,००० डॉलरच्या वर गेली की शिशाचा धोका कायमचा दूर करायचा, त्याच्या खाली असेल तर तात्पुरते उपाय केले तरी चालतं. म्हणून या धंद्यात बऱ्याच एस्टिमेटांचा आकडा २४,९०० च्या आसपास कसा काय येतो ते देवालाच माहीत. घर पन्नास वर्षांहून जुनं म्हणून राज्याच्या ऐतिहासिक वास्तूंच्या ऑफिसला पत्र, त्यांना उत्तराला ३० दिवस. मग पूररेषेचा नकाशा. मग टेंडर, पहिल्यांदा एकच कंत्राटदार आला म्हणून पुन्हा टेंडर. पाच महिने गेले. छप्पर झालं चार दिवसांत. आजींना हप्ता काही नाही, घरावर बोजा चढतो, त्या राहतायत तोपर्यंत कोणी काही मागत नाही आणि ठरलेली वर्षं राहिल्या तर माफ. मधल्या पाच महिन्यांत त्या दर सोमवारी फोन करायच्या आणि विचारायच्या, "माझा नंबर आला का?" रांग असल्यासारखं. रांग नव्हती, फक्त कागद होते.

कागदांना शिव्या घालण्यात मी सगळ्यात पुढे, पण एक नियम मात्र मनापासून पाळा, नाहीतर हातातला पैसा जातो: पर्यावरणाची तपासणी पूर्ण होऊन हिरवा कंदील मिळेपर्यंत काहीही करायचं नाही. जमीन घ्यायची नाही, पाडायचं नाही, कंत्राट सही करायचं नाही, स्वतःच्या पैशाने सुद्धा नाही. आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेने होमसाठी अर्ज केला, आणि दरम्यान मालक दुसऱ्याला विकेल या भीतीने स्वतःच्या पैशाने प्लॉट घेऊन टाकला. हेतू चांगलाच होता. पण अर्ज केल्यावर आणि मंजुरीच्या आधी खरेदी केली म्हणजे पर्याय बंद केले असा अर्थ होतो, होमचा पैसा त्या प्लॉटला लागूच शकला नाही. संस्थेची जवळपास सगळी शिल्लक त्या जमिनीत अडकली. आणि यात माझीही चूक, मी त्यांना तोंडी सांगितलं होतं, लेखी नाही.

पैसा घेताना गाव आणखी एका गोष्टीवर सही करतं, की आम्ही वंश, धर्म वगैरेवरून घरांत भेदभाव होऊ देणार नाही, उलट तो कमी करायला पावलं टाकू. बहुतेक ठिकाणी ही सही डोळे मिटून होते. न्यूयॉर्कच्या शेजारच्या वेस्टचेस्टर काउंटीने २००० ते २००६ मध्ये ५ कोटी २० लाख डॉलरच्या वर केंद्राचा पैसा घेतला आणि दरवेळी ही सही केली, पण गोऱ्या सधन गावांत परवडणारी घरं होऊ द्यायचा विषयच काढला नाही. एका संस्थेने सरकारला खोटं सांगून पैसा घेतल्याच्या कायद्याखाली केस केली. २००९ मध्ये ६ कोटी २५ लाखांवर तडजोड झाली आणि त्याच गावांत ७५० घरं बांधून द्यायचं ठरलं, मग ती घरं आणि झोनिंग, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधता येईल याचे नियम, यावरून पुढे वर्षानुवर्षं तंटे. न्यू जर्सीत तर माउंट लॉरेलचा निकाल, म्हणजे प्रत्येक गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचललाच पाहिजे हा, १९७५ पासून प्रत्येक गावाच्या डोक्यावर आहेच, पण तो राज्याच्या कोर्टाचा, त्याचा या ग्रँटशी थेट संबंध नाही. तुमच्या मीटिंगला कोणी दोन्हींची भेळ केली तर वेगळं करून सांगा.

आवास योजनेशी तुलना म्हणाल तर मुळातच उलटं आहे. आपल्याकडे ग्रामीण घरकुलात सपाट भागात १,२०,००० रुपये लाभार्थ्याच्या खात्यात हप्त्याहप्त्याने पडतात, केंद्र ६० आणि राज्य ४०, आणि घर तो स्वतः बांधतो. इथे माणसाच्या खात्यात पैसा जवळजवळ कधीच जात नाही, गावाच्या खात्यातून कंत्राटदाराला जातो. भानगडी दोन्हीकडे होतात, फक्त इथे त्या जास्त टापटीप फायलींत असतात. वादळ-पुरानंतर मात्र इथेही लोकांना थेट पैसे दिले गेलेत, त्यासाठी संसद वेगळा निधी काढते. कॅट्रिना वादळानंतर लुइझियाना राज्याने घराची आधीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यातलं जे कमी ते धरून मदत काढली, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांत घरांची किंमतच कमी असल्याने तेवढंच मोडलेलं घर बांधायला त्यांना कमी पैसे मिळाले. त्यावरही केस झाली आणि २०११ मध्ये ६ कोटी २० लाखांवर मिटली. एका सूत्रातला एक शब्द असा महागात पडतो.

ही योजना टिकेल का, असं तुम्ही विचारलं नाहीत पण कमिटीत पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारेल. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत बजेटच्या प्रस्तावात सीडीबीजी वर्षामागून वर्ष शून्यावर आणलं होतं आणि संसदेने दरवेळी परत भरलं, २०२० मध्ये तर कोविडसाठी ५०० कोटी जास्तीचे दिले. मे २०२५ च्या प्रस्तावात सीडीबीजी आणि होम दोन्ही पुन्हा शून्य. मेयर कुठल्याही पक्षाचा असो, हा पैसा त्याला हवा असतो, आणि मेयरचा फोन खासदार उचलतो, इतकंच मी सांगू शकतो. त्रास शून्यापेक्षा उशिराचा जास्त होतो. संसद बजेट सहा-सहा महिने लांबवते, त्यानंतर हडला रक्कम जाहीर करायला ६० दिवस, त्यानंतर तुमच्या प्लॅनची छाननी ४५ दिवस, आणि तोपर्यंत तुमचं १ जुलैला सुरू झालेलं वर्ष निम्मं संपलेलं असतं.

उशिरावरूनच आठवलं, कमिटीत बसल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: खर्च न झालेला किती पैसा पडून आहे? वर्ष संपायच्या ६० दिवस आधी वार्षिक रकमेच्या दीडपटीपेक्षा जास्त पैसा पडून असला तर हड विचारणा करतं, सुधारलं नाही तर पुढच्या हप्त्यातून कापतं. या भीतीने वसंत ऋतूत गावं घाईघाईने काहीतरी करतात, आणि ते काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा पुन्हा फुटपाथचे उतार. मागच्या तीन वर्षांचे केपर मागवा, ते जाहीरच असतात, त्यात तीन वर्षं तेच नाव आणि शून्य खर्च असलेलं एखादं काम दिसेल, त्याच्यावर बोट ठेवा. खात्यातल्या माणसाला राग येणार नाही. खरं सांगू, आम्ही वाटच बघत असतो की बाहेरचं कोणीतरी हे विचारेल, म्हणजे आम्हाला वर सांगता येतं.

आता तुमचं भाड्याचं घर. तत्त्वतः भाड्याच्या घराची दुरुस्ती चालते, दोन फॅमिलीच्या घरात किमान एक भाडेकरू उत्पन्नाच्या मर्यादेत बसावा लागतो आणि त्याचं भाडं परवडणारं ठेवावं लागतं. पण तुम्ही आता त्या पैशाच्या निर्णयात बसता. जो कोणी या निर्णयात हात असलेला आहे त्याला, त्याच्या घरच्यांना आणि ज्यांच्याशी त्याचा धंद्याचा संबंध आहे त्यांना या पैशातून फायदा घेता येत नाही, पदावर असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष. बायकोच्या नावावर अर्ज करू का असं मनात आलं असेल तर तेही याच वाक्यात आलं. हडकडून अपवाद मागता येतो, पण त्यासाठी गावाच्या वकिलाचं पत्र आणि जाहीर खुलासा लागतो, आणि गावात तुमचं नाव कशासाठी निघालं ते लोक दहा वर्षं विसरत नाहीत. कमिटीवर राहायचं असेल तर छप्पर स्वतःच्या पैशाने करून घ्या, आणि घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंग खरवडायच्या आधी शिशाची तपासणी तेवढी करा, भाडेकरूंना लहान मुलं आहेत म्हणालात ना.